आर-१ या धार्मिक कामगारांच्या व्हिसावर अमेरिकेतल्या मंदिरात पुजारी आहे, ग्रीन कार्डासाठी कमिटीच्याच वकिलावर अवलंबून राहू का?

तुम्ही लिहिलंय की मंदिरात दोन वर्षं होत आली, कमिटी म्हणते "गुरुजी, ग्रीन कार्डाचं आम्ही बघतो", आणि आता वेगळा वकील करावा का या विचारात आहात. वकिलाचं नंतर सांगतो. आधी मला सांगा, तुमचा पगार चेकनं येतो का पाकिटातून? कारण सगळं तिथंच अडतं.

मी सांगलीकडचा, पाठशाळेत सहा वर्षं संथा घेतलेला. जून २००९ मध्ये इथल्या मिडवेस्टमधल्या एका मंदिरात आलो. राहायला मंदिराच्या बेसमेंटमधली खोली, जेवण तिथलंच, आणि पगार ठरलेला. पण पहिले आठ महिने खजिनदार रोख द्यायचे, तेही थोडे, वर म्हणायचे घरच्या पूजांची दक्षिणा मिळतेच की तुम्हाला. वास्तुशांत, सत्यनारायण, गाडीपूजा, यजमान पाकीट द्यायचे ते मी ऑफिसात नेऊन ठेवायचो, आणि त्यातलंच थोडं मला पगार म्हणून परत मिळायचं. पावती नाही, काही नाही.

आमच्या मंदिरात एक वयस्कर तेलुगू अर्चक होते. त्यांनी मला एका संध्याकाळी बाजूला घेऊन सांगितलं की बाबा, आर-१ वर असताना मंदिराबाहेर स्वतःसाठी घेतलेली दक्षिणा म्हणजे परवानगीशिवाय केलेलं काम, आणि रोखीतल्या पगाराचा पुरावा नसतो. ग्रीन कार्डासाठी आय-३६०, म्हणजे धार्मिक कामगाराचा पहिला अर्ज, भरायच्या आधीची सलग दोन वर्षं काम केलेलं दाखवावं लागतं, आणि ते इथलं असेल तर कायदेशीर असावं लागतं (ही कायदेशीरपणाची अट २०१५ पासून लावत नाहीत), डब्ल्यू-२ म्हणजे पगाराचा वार्षिक दाखला नाहीतर टॅक्सचे कागद लागतात. मी दुसऱ्याच दिवशी खजिनदारांकडे गेलो. म्हटलं घरच्या पूजा ऑफिसातून बुक होऊ देत, चेक मंदिराच्या नावे येऊ देत, आणि मला पूर्ण पगार पेरोलवर द्या. ते म्हणाले, "देवाच्या कामात असले हिशेब कशाला करता?" सगळ्या कमिटीसमोर म्हणाले. मी तेव्हा गप्प बसलो त्याचं मला आजही वाईट वाटतं. देवाचं काम मी करत होतो, आणि हिशेब ठेवणं हे त्यांचं काम होतं. शेवटी अर्चकांनी अध्यक्षांना समजावलं आणि मार्च २०१० पासून पेरोल सुरू झाला.

ते आठ महिने गेलेच. वकील म्हणाले दोन स्वच्छ वर्षं होऊ द्या, मग भरू. आय-३६० गेला मार्च २०१२ मध्ये. त्याच्यासोबत आय-४८५, म्हणजे प्रत्यक्ष ग्रीन कार्डाचा अर्ज, भरता येत नाही, आपल्या लोकांना हे माहीतच नसतं, कंपन्यांत काम करणाऱ्या मुलांचं पाहून वाटतं सगळं एकदम होतं. आय-३६० पास झाल्यावरच पुढचं. आणि आर-१ ची जास्तीत जास्त पाच वर्षं, आधी तीस महिने मग तीस महिने, ती मागे पळतच असतात.

२०१३ मध्ये इमिग्रेशनचे अधिकारी मंदिर बघायला आले. तेव्हा खजिनदारांनी मला हॉलच्या भिंती रंगवायला लावलं होतं, पार्किंगमधला बर्फही मीच काढायचो. नियमात स्पष्ट आहे, साफसफाई, क्लार्कचं काम, देणग्या गोळा करणं हे धार्मिक काम धरत नाहीत. अधिकाऱ्यांनी विचारलं दिवसभर काय करता. मी माझी वही आणून दिली. पहाटेपासूनचं सगळं तारखेवार, मराठीत लिहिलेलं, अभिषेक, रुद्र, कुणाची मुंज, कुणाचं उदकशांत. त्यांनी बोट ठेवलेली प्रत्येक ओळ मी इंग्रजीत सांगितली, जवळजवळ तासभर. त्या वहीनं माझी केस वाचवली असं माझं ठाम मत आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये आय-३६० पास झाला, पाच वर्षं संपायला आठ महिने उरले होते. कार्ड आलं ऑगस्ट २०१४ मध्ये.

या सगळ्यात माझी बायको, बी.एड. झालेली, आर-२ या जोडीदाराच्या व्हिसावर काम करता येत नाही म्हणून चार वर्षांहून जास्त त्या बेसमेंटमध्ये बसून राहिली. आय-४८५ सोबत तिचं वर्क परमिट आलं तेव्हा कुठे ती बाहेर पडली. ते वाया गेलेले आठ महिने माझ्यापेक्षा तिचे होते. आणि तेच खजिनदार अजून लोकांना सांगतात की आम्ही गुरुजींना ग्रीन कार्ड दिलं. नाही दिलं. तुमची कमिटीही तुम्हाला देत नाहीये, सही करतेय फक्त. उपकाराच्या ओझ्याखाली बर्फ काढत बसू नका.

आता वकील. मंदिराचा वकील मंदिराचा असतो, अर्जदार मंदिर आहे. आय-३६० तुम्ही स्वतःही भरू शकता, पण मंदिराचं सहीशिक्क्याचं पत्र तरीही लागतंच, त्यामुळे भांडून उपयोग नाही. निदान एकदा पैसे देऊन बाहेरच्या वकिलाला कागद दाखवा, आणि अर्ज 'मिनिस्टर', म्हणजे पूजाअर्चा चालवणारा धर्मगुरू, म्हणून जातोय ना ते बघा. बाकीच्या धार्मिक कामगारांच्या योजनेला मुदत असते, संसद ती थोडी थोडी वाढवत राहते. मिनिस्टरला ती मुदत नाही. पाठशाळेचं प्रमाणपत्र नसेल तर गुरुजींकडून लेटरहेडवर काय काय अध्ययन झालं ते लिहून आणा.

एक मात्र आहे, माझ्या वेळी ईबी-४ ला, म्हणजे ज्या गटातून आपल्याला ग्रीन कार्ड मिळतं त्याला, रांग नव्हती. आता आहे, २०२५ च्या वर्षाचा कोटा फेब्रुवारीतच संपला होता. त्यामुळे माझ्या तारखांवरून तुमचा अंदाज बांधू नका. पूर्वी पाच वर्षं संपली की एक वर्ष देशाबाहेर काढावं लागायचं, ती अट जानेवारी २०२६ मध्ये काढलीय, पण बाहेर जाऊन नवा व्हिसा घ्यावा लागतोच.

पगार पाकिटातून येत असेल तर या आठवड्यातच अध्यक्षांशी बोला. खजिनदारांशी नको.