टास्कबार रंगवायलास, तर आधी हे ऐक

लेका, परभणीच्या उन्हात दुकानातल्या कॉम्प्युटरचा पांढरा टास्कबार, म्हणजे स्क्रीनच्या खालची पट्टी, डोळ्यावर येतो, हे खरं. पण त्यापायी फुकटचं सॉफ्टवेअर टाकू नको. मी टाकलं, अपडेट आलं अन् स्टार्ट बटणच गायब. गिऱ्हाईक सातबारा मागायलंय, मी बटण शोधायलोय!

विंडोज ११ मध्ये टास्कबारवर राइट क्लिक कर, टास्कबार सेटिंग्ज उघड. मधोमध आलेले आयकॉन तिथूनच डावीकडे जातात. सर्च बॉक्सही काढ, लई जागा खातो.

रंग मात्र सेटिंग्जमधल्या पर्सनलायझेशनच्या कलर्समध्ये. लाइट मोडमध्ये टास्कबारच्या रंगाचं बटण फिकट दिसतं, दाबलंच जात नाही. इथंच सगळे अडकतात. मोडमध्ये कस्टम निवड, विंडोज डार्क अन् अ‍ॅप लाइट ठेव. मग ते बटण चालू कर, रंग चढतो.