कुवेतच्या अमेरिकन कॅम्पात किचनची नोकरी, विचारलंस म्हणून सगळं सांगतो

तुझा मेसेज दोनदा वाचला. खेडचा, हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा, पुण्यात ३ वर्षं किचनमध्ये, आणि एजंट म्हणतोय की कुवेतला अमेरिकन आर्मीच्या कॅम्पात कुकचं काम आहे, १६० दिनार, राहणं कंपनीचं, आधी ९० हजार भर. मग तुझा प्रश्न, दादा तिथं रोजची लाईफ कशी असते, सेफ आहे का. मी संगमेश्वरचा, अरिफजानच्या कॅम्पात ११ वर्षं झाली, आधी भांडी, मग सर्व्हिंग लाईन, आता कुक. लाईफ सांगतो पण आधी ते ९० हजार.

देऊ नकोस. अमेरिकन सरकारच्या कंत्राटांत एक कलम असतं, मानवी तस्करीविरुद्धचं, त्यात स्पष्ट आहे की भरतीचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत, पासपोर्ट काढून ठेवायचा नाही, आणि कंत्राट तुला समजेल अशा भाषेत द्यायचं. आमच्या किचनच्या भिंतीवर तसलं पोस्टर पण आहे, खाली तक्रारीचा नंबर. आणि ते सोड, आपल्याकडच्या नियमात पण लायसन्सवाल्या एजंटला ३० हजार अधिक जीएसटी एवढंच घेता येतं, ते पण पावती देऊन. ९० कुठून आले? मी स्वतः तेव्हा ७५ दिले होते, आईच्या बांगड्या मोडून, आणि वर्षभर तेच फेडत बसलो, म्हणून एवढ्या पोटतिडकीने सांगतोय. ई-मायग्रेट म्हणून सरकारची वेबसाईट आहे, तिथं एजंटचा लायसन्स नंबर टाकून बघ. तू दहावीच्या पुढे शिकलेला म्हणजे तुझा पासपोर्ट ईसीएनआर असणार, म्हणजे परदेशी कामाला जायला सरकारची वेगळी परवानगी (क्लिअरन्स) लागणार नाही, पण म्हणूनच एजंट लोक तुझ्यासारख्यांच्या बाबतीत बिनधास्त असतात, कागदावर कुठे नोंदच नसते.

दुसरं, ऑफर लेटरवर देश आणि कॅम्प दोन्ही लिहिलेलं पाहिजे. २००४ च्या आसपास कुवेतचं सांगून पोरांना इराकात नेल्याच्या तक्रारी झाल्या होत्या, त्यानंतरच आपल्या सरकारने इराकला कामगार जाण्यावर बंदी घातली होती. पासपोर्टचं तर इतकं झालं की २००६ ला इराकमधल्या अमेरिकन कमांडलाच आदेश काढावा लागला की कामगारांचे पासपोर्ट त्यांना परत द्या. आता तसं सर्रास नाही, तरी कागद वाचायचा.

आता कोणासाठी काम करणार ते समजून घे, कारण इथंच सगळे फसतात. गावात सांगतात 'पोरगा अमेरिकन आर्मीत आहे'. कसली आर्मी. आर्मीचं कंत्राट एका मोठ्या अमेरिकन कंपनीला, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली कुवेती कंपनी, आणि तिच्या अकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, आपण. सैनिक तुला थँक यू म्हणेल, हसेल, पण पगार, रूम, सुट्टी यातलं काहीच त्याच्या हातात नाही. आपल्याला टीसीएन म्हणतात, म्हणजे तिसऱ्या देशाची माणसं, ना अमेरिकेची ना कुवेतची.

आल्यावर लगेच कामाला लागशील असं समजू नकोस. कुवेतचं मेडिकल, बोटांचे ठसे, सिव्हिल आयडी, आणि मग कॅम्पचा बॅज. बॅजसाठी चौकशी होते, वेळ लागतो. मी ४७ दिवस रूमवर बसून होतो, अर्धा पगार मिळाला, तोही भांडून. तेव्हा एजंटला आधीच विचार की बॅज येईपर्यंत पगार किती, आणि उत्तर लेखी घे.

रोजचं सांगतो. पहाटे ३ ला अलार्म, साडेतीनला महबूलाहून, म्हणजे आमच्या रूमच्या भागातून, बस, पाऊण तासाचा रस्ता, सगळे परत झोपतात. गेटवर उतरायचं, रांग, बॅज स्कॅन, बोट लावायचं, पिशवी उघडायची, बसखाली आरसा फिरवतात, कुत्रा येतो. कधी १५ मिनिटं, कधी दीड तास, आणि उशीर झाला तरी नाश्ता वेळेवरच लागला पाहिजे. मोबाईल आत चालत नाही, आम्ही रूमवरच ठेवतो. घरच्यांना हे आधीच सांगून ठेव नाहीतर बायको/आई दिवसभर फोन लावत बसेल आणि रडेल, माझ्या आईने पहिल्या आठवड्यात थेट एजंटच्या ऑफिसात माणूस पाठवला होता.

आत जेवणघराला डीफॅक म्हणतात. बाहेर ४८ डिग्री आणि आत एसी इतका की स्वेटर लागतो, सर्दी जातच नाही. दारात एकजण हातातल्या मशीनवर डोकी मोजत बसतो, कारण बिल डोक्यावर निघतं. मेनू २१ दिवसांचा, मग परत पहिल्यापासून. ऑम्लेटच्या स्टेशनवर उभा राहिलास तर सकाळी चारेकशे तरी होतात, हाताला रात्री पण तेच वळण येतं. त्यांचं 'बिस्किट' म्हणजे आपलं पारले नव्हे, ती एक जाड पावासारखी गोष्ट, त्यावर पांढरी ग्रेव्ही. पहिल्या दिवशी सैनिकाने बिस्किट मागितलं आणि मी त्याला क्रीमवालं पाकीट दिलं, अजून चिडवतात.

चवीपेक्षा तापमान महत्त्वाचं, हे डोक्यात फिट्ट कर. सगळं फॅरनहाइटमध्ये, गरम पदार्थ १३५ च्या खाली नको, थंड ४१ च्या वर नको, ठराविक वेळाने थर्मामीटरची काडी खुपसून वहीत लिहायचं. आर्मीची तपासणीवाली माणसं कधीही येतात आणि आधी वही बघतात. मी कुक आहे पण खरं सांगू का, निम्मा दिवस कारकुनी चालते. पुण्याच्या किचनमध्ये हाताच्या अंदाजाने चालत असशील ते इथं विसर.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो, बेकन आणि बीफ दोन्ही हाताळावं लागतं, रोज. ग्लोव्ह्ज असतात पण 'मला जमणार नाही' म्हणायची सोय नाही. आमच्यात माळकरी घरातला एकजण आहे, दापोलीचा एक मुसलमान मित्र आहे, दोघं शेजारी उभे राहून बेकन भाजतात आणि शिफ्ट संपली की दोघं मिळून डाळभात खातात. तुझ्या घरी यावरून वाद होणार असेल तर तो तिथंच मिटवून ये. आणि त्या लाईनवरचं जेवण आपल्यासाठी नसतं, आपलं वेगळं येतं, भात, डाळ, चिकन, केरळी हाताचं. उरलेलं डब्यात भरून नेणं तर अजिबात नाही. एका पोराच्या खिशात गेटवर दोन कोकचे कॅन सापडले, बॅज तिथंच काढून घेतला, आठवड्यात विमानात. फोटो काढला, मारामारी केली, तरी तेच. नोकरी म्हणजे तो बॅज, बाकी सगळं कागद.

माणसं चांगली भेटतात. नेपाळी, बंगाली, तेलुगू, मल्याळी, फिलिपिनो, सगळ्यांची मिळून एक हिंदी असते जी जगात दुसरीकडे कुठे बोलत नसतील. सैनिक साधारण ९ महिन्यांनी बदलतात, म्हणजे एखादा नावाने हाक मारायला लागला, तुझ्या पोरीचं विचारायला लागला, की तो चालला. सुरवातीला वाईट वाटायचं, आता मी नावंच लक्षात ठेवत नाही. नोव्हेंबरात त्यांचा थँक्सगिव्हिंग, त्या दिवशी मोठे ऑफिसर स्वतः एप्रन घालून सैनिकांना वाढतात, आम्ही रात्रभर टर्की भाजून मागे उभे. आणि सुट्टीचं सांगतो, गणपती आणि ओणम बहुतेक पुढेमागेच येतात, सुपरवायझर मल्याळी, म्हणजे समजून जा कोणाची सुट्टी पास होते. ११ वर्षांत ३ गणपती मिळाले.

रूममध्ये ६ जण, बंकवर. महबूला, मंगाफ, फहाहील हा सगळा कामगारांचा पट्टा. २०२४ च्या १२ जूनला मंगाफला कामगारांच्या बिल्डिंगला आग लागली, आपले चाळीसहून जास्त जण गेले, त्यातल्या काहींना आमच्यातले ओळखत होते. तेव्हापासून मी नवीन रूम मिळाली की पहिलं जिना आणि गच्चीचं दार बघतो, उघडं आहे का कुलूप. तू पण बघ. शुक्रवारी फहाहीलला जायचं, पैसे पाठवायचे, बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, कांदेपोह्याचे पोहे पण मिळतात. दारू देशातच बंद आहे, हे काहींसाठी चांगलंच. डिसेंबर-जानेवारीत थंडी असते, जाड जॅकेट घेऊन ये, सगळे हसतात कुवेतला जॅकेट म्हणून आणि मग पहाटेच्या बसमध्ये कुडकुडतात.

पैशाचं गणित. मी ११० वर आलो, आता ओव्हरटाईम धरून १९० च्या आसपास. दिनार पावणेतीनशे ते तीनशे रुपयांच्या घरात धर. १६० मधले ३० खर्च आणि बाकी घरी, हे जमतं, पण पुण्यात तुला काय मिळतं ते वजा करून बघ, फरक तेवढाच तुझी कमाई. बायकोला आणता येईल हा विचार काढून टाक, फॅमिली व्हिसाला ८०० दिनार पगार लागतो. कायद्याने आठवड्याला ४८ तास, वर वेगळा पैसा, वर्षाला ३० दिवस सुट्टी. आणि सोडताना मिळणारे पैसे, पहिली ५ वर्षं वर्षाला १५ दिवसांचा पगार, पुढे वर्षाला महिना, पण ३ वर्षांच्या आत स्वतःहून राजीनामा दिलास तर शून्य.

सेफ आहे का. बॉम्बपेक्षा तेलाने भाजलेले आणि ओल्या फरशीवर घसरलेले जास्त बघितलेत मी. त्यासाठी १९४१ चा अमेरिकेचा डिफेन्स बेस ॲक्ट आहे, अशा कंत्राटावर कामाच्या ठिकाणी इजा झाली तर विमा लागू होतो, माणूस कुठल्याही देशाचा असो. पण लागलेलं ३० दिवसांत लेखी कळवायला लागतं. सुपरवायझर म्हणेल 'अरे मलम लाव, रिपोर्ट कशाला', तू रिपोर्ट कर आणि कॉपी ठेव. लढाईचं म्हणशील तर २०२५ च्या २३ जूनला इराणने कतारच्या अल उदैद बेसवर मिसाईल टाकली, त्या रात्री इकडचं पण विमानाचं आकाश काही तास बंद होतं. आमच्या पट्ट्यात लोक गच्चीवर उभे होते, गावाहून फोनवर फोन, टीव्हीवर काय काय दाखवत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला बस आली आणि आम्ही ऑम्लेट केली. भीती नाही असं म्हणणार नाही. आपण ज्या बेसवर काम करतो त्याच बेसवर कोणाचा तरी नेम असतो, हे घरच्यांपासून लपवू नकोस.

माझी खरी भीती मात्र दुसरी आहे, कंत्राट बदलायची. दर काही वर्षांनी कंत्राट नव्याने निघतं, जुनी कंपनी जाते, नवी येते, किचन तेच, भांडी तीच, माणसं तीच, फक्त पगार नवीन. आमच्यावेळी नव्या कंपनीने २० दिनार कमी करून सह्या घेतल्या, आणि जुनीने काहींना रिलीजच, म्हणजे नव्या कंपनीत जायची परवानगीच, दिला नाही, ती पोरं १०-१२ वर्षांनंतर व्हिसा कॅन्सल होऊन घरी गेली. अफगाणिस्तानातल्या बग्रामच्या अमेरिकन बेसवर काम केलेले दोघं होते आमच्यात, ते म्हणायचे तिकडे तर २०२१ ला अख्खा बेसच उठला, तुमचं बरं आहे. म्हणून एजंटला हे विचारच, आत्ताचं कंत्राट कधी संपतंय. सहा महिन्यांवर आलं असेल तर तू नको येऊस, पुढच्याची वाट बघ.

ऑफर लेटरचा फोटो मला पाठव, पूर्ण, मागची बाजू पण. एजंटला सध्या 'घरी विचारतो' एवढंच सांग. मी दुपारी ४ नंतर रूमवर येतो, म्हणजे तुझ्याकडे साडेसहा वाजलेले असतील, त्याच्या आधी लावलास तर फोन गादीखाली वाजत बसेल.