आधी एकुलतं एक बाजूला काढा, मग पुसा

साताऱ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो त्याला १८ वर्षं झाली. या महिन्यात या सदराकडे आलेली बहुतेक पत्रं एकाच तक्रारीची आहेत: स्टोरेज फुल. त्यातली चार घेतली. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यातली भीती खरी आहे आणि तसं घडलेलं मी माझ्या टेबलावर पाहिलं आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. फोन ६४ जीबीचा, चार वर्षांपूर्वी घेतलेला. रोज ‘स्टोरेज स्पेस रनिंग आउट’ येतं. आठवडाभर बसून आठशेच्या वर फोटो पुसले, तरी जागा होती तेवढीच. आता व्हॉट्सअॅपवर आलेला फोटोही उतरत नाही. भाचा म्हणतो, “मावशी, सगळं बॅकअपला असतं, फोन रिसेट मारून टाकू.” माझे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचे व्हॉइस मेसेज फोनमध्ये आहेत. ते तर जाणार नाहीत ना?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : बाई, नमस्कार. रिसेट म्हणजे फोन पार कोरा करणं. तो मारू देऊ नका. भाचा तुमच्या भल्यासाठीच सांगतोय, पण ‘सगळं बॅकअपला असतं’ हे आधी डोळ्यांनी बघायचं आणि मगच त्यावर विसंबायचं.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एक गृहस्थ दुकानात आले. फोन हँग होतो म्हणून दुसऱ्या एका दुकानात रिसेट मारून घेतला होता. आईचे व्हॉइस मेसेज त्यात होते आणि आई नुकतीच गेली होती. “पैसे कितीही लागू द्या,” म्हणाले. पण आजच्या फोनमधली माहिती कुलूप लावूनच साठवलेली असते आणि रिसेट मारला की त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. पैसे कितीही दिले तरी पुढे काही करता येत नाही. जुन्या फोनमधून आम्ही काही ना काही काढून द्यायचो, तो काळ गेला. ते गृहस्थ बराच वेळ फोन हातात धरून बाकावर बसून राहिले. तेव्हापासून स्टोरेजची तक्रार घेऊन कुणीही आलं की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: या फोनमध्ये असं काय आहे, जे जगात दुसरीकडे कुठेच नाही?

तुमच्या बाबतीत उत्तर पत्रातच आहे. तेव्हा आधी ते मेसेज बाहेर काढू. जागेचं नंतर बघू, ते सोपं आहे.

यजमानांचं चॅट उघडा. एकेका व्हॉइस मेसेजवर बोट दाबून धरा आणि वर येणाऱ्या चांदणीला टच करा. सगळे मेसेज ‘स्टार्ड’ यादीत एका जागी येतील. पण चांदणी म्हणजे फक्त खूण आहे. ती सुरक्षित प्रत नाही. प्रत हवी असेल तर त्याच चॅटमध्ये वरच्या तीन ठिपक्यांत ‘मोअर’, मग ‘एक्स्पोर्ट चॅट’, मग ‘इन्क्लूड मीडिया’ असं करत जा. संभाषण आणि आवाज एका फाइलमध्ये बांधून मिळतात. ती फाइल स्वतःला ईमेल करा किंवा गुगल ड्राइव्हवर ठेवा. चॅट फार मोठं असेल तर सगळं एका फाइलीत येत नाही, जुनं मागे राहतं. म्हणून दुसरी वाटही करा.

ही दुसरी वाट भाच्याकडून करून घ्या. फोनमधल्या ‘फाइल्स’मध्ये जाऊन अँड्रॉइड, मीडिया, कॉम डॉट व्हॉट्सअॅप, व्हॉट्सअॅप, पुन्हा मीडिया असं आत आत शिरलं की ‘व्हॉट्सअॅप व्हॉइस नोट्स’ नावाचं फोल्डर सापडतं. त्याच्या आत नुसते आकडे दिसतील, २०२१३२, २०२१३३ असे. म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा, तेहेतिसावा आठवडा. आतल्या प्रत्येक फाइलचं नाव ‘पीटीटी’ने सुरू होतं, पुढे तारीख असते. कुणाचा मेसेज ते मात्र नावात नसतं. त्यामुळे निवडत बसू नका, अख्खं फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर किंवा संगणकावर घ्या. फोनला लागणारं ओटीजी पेनड्राइव्ह कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळतं. आवाजाला जागा फारच थोडी लागते. मिनिटभराचा व्हॉइस मेसेज साधारण शे-दीडशे केबीचा असतो. एक मिनिटाच्या फुल एचडी व्हिडिओच्या जागेत असे शेकडो मेसेज मावतात. जागेसाठी या मेसेजना हात लावायची गरजच नाही.

प्रत घेतली की ती दुसऱ्या यंत्रावर वाजवून बघा. संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये या फाइली चालतात. पहिली, मधली एखादी आणि शेवटची, निदान तीन ऐका. आवाज कानांनी ऐकल्याशिवाय प्रत झाली असं धरू नका. आणि प्रती दोन ठिकाणी ठेवा, पेनड्राइव्हही बिघडतं.

व्हॉट्सअॅपचा बॅकअपही जाता जाता बघून घ्या. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे शेवटच्या बॅकअपची तारीख असते. दुकानात येणाऱ्या कितीतरी फोनमध्ये ती कित्येक महिने जुनी निघते, कारण गुगलकडची जागा भरली की बॅकअप अडकून पडतो आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. आणि ‘गुगल फोटोज’ नावाप्रमाणे फोटो आणि व्हिडिओच सांभाळतं. व्हॉइस मेसेज त्यात कधीच जात नाहीत.

आता जागेचं. आठशे फोटो पुसूनही फरक का पडला नाही? एक तर ते अजून कचरापेटीत असतील. गॅलरीची पेटी बहुधा ३० दिवस सगळं धरून ठेवते आणि तोवर जागा मोकळी होत नाही. ती पेटी रिकामी करा, पण त्याआधी एकदा चाळा. घाईत पुसलेलं एखादं हवंसं तिथे सापडतं. दुसरं असं की व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो अगदी लहान असतो. असे आठशे मिळून दीडशे-दोनशे एमबी झाले तरी खूप, आणि एक जीबी म्हणजे हजारेक एमबी. उलट फोर-के, म्हणजे फार बारीक तपशिलाच्या, व्हिडिओचं एक मिनिट साडेतीनशे एमबीच्या आसपास जातं. आठवडाभर बसून तुम्ही सुपातले खडे वेचलेत, आणि पोतं आहे तिथेच राहिलं.

ते पोतं व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये सापडेल. ‘स्टोरेज अँड डेटा’त ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइली तिथे वेगळ्या दिसतात, आणि खूप वेळा फॉरवर्ड झालेल्याही. कीर्तनाच्या क्लिपा, लग्नाचे व्हिडिओ, पाककृती. एकच क्लिप चार ग्रुपवरून चारदा आलेली. बघून पुसा. इथे वेळ घालवलात तर काही जीबी मोकळे होतात. आणखी एक जागा लोकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही कुणाला व्हिडिओ पाठवता तेव्हा त्याची एक जास्तीची प्रत व्हॉट्सअॅपच्या व्हिडिओ फोल्डरमधल्या ‘सेंट’ फोल्डरात राहते. नातवाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ कॅमेऱ्यात एक, ‘सेंट’मध्ये एक. मूळ कॅमेऱ्यात आहे याची खात्री करून ‘सेंट’मधला काढा.

शुभ सकाळच्या चित्रांचं दुखणं तर गुगललाही ठाऊक आहे. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी ‘फाइल्स गो’ हे अॅप आणलं आणि असली सुप्रभाताची चित्रं हुडकून पुसायला काढून देणं हे त्याचं एक कामच होतं. आज तेच अॅप ‘फाइल्स’ नावाने बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये असतं. ते वापरा. ‘फोन क्लीनर’, ‘बूस्टर’ म्हणत जाहिरातींतून येणारी अॅपं काढून टाका, ती स्वतःच जागा खातात.

शेवटी ‘स्टोरेज अँड डेटा’मध्येच ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’ बंद करा. जे हवं त्यावर बोट ठेवलं तरच उतरेल. ६४ जीबीच्या फोनमध्ये सहा-सात जीबी कायम रिकामे ठेवा. फोनची चिप एक-एक फाइल खोडत नाही, मोठा ठोकळाच्या ठोकळा एकदम पुसते. भरलेल्या फोनला नवं काही लिहायचं म्हणजे आधी ठोकळ्यातलं हवं ते दुसरीकडे हलवायचं, ठोकळा पुसायचा, मग लिहायचं. भरलेला फोन अडखळतो तो बहुधा यामुळेच. तुमचा फोन म्हातारा झालेला नाही, नव्याचा खर्च करू नका.

प्रश्न : माझ्या फोनमध्ये ४० जीबी जागा शिल्लक आहे, तरी गुगल सांगतं स्टोरेज भरलं. कॉलेजचे ईमेल येणं बंद झालंय. फोन बिघडलाय का?
– एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : फोन ठीक आहे. तुझी घरातली कोठी रिकामी आहे, भरलंय ते गुगलकडचं गोदाम. तिथे १५ जीबी फुकट मिळतात आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटोज तिघांचा वाटा. १ जून २०२१ च्या आधी चढवलेले ‘हाय क्वालिटी’, म्हणजे थोडे आकसवलेले, फोटो त्यात मोजत नाहीत, त्यानंतरचे मोजतात. २०२४ पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअपही त्यातच धरला जातो. गोदाम भरलं की ईमेल येतही नाहीत आणि जातही नाहीत.

‘गुगल वन’मध्ये साफसफाईचं पान आहे. मोठ्या अटॅचमेंटचे ईमेल, मोठे व्हिडिओ तिथे आकारानुसार लावून मिळतात. त्यातले नकोसे काढ, जीमेलची आणि ड्राइव्हची कचरापेटी रिकामी कर. एका गोष्टीला मात्र जप. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पुसलास की तो फोनमधूनही जातो आणि गोदामातूनही. ६० दिवस तो कचरापेटीत असतो, पुढे नाही. फक्त फोनमधली प्रत काढायची असेल तेव्हा ‘फ्री अप स्पेस’ हेच बटण. तुला आत्ता फोनमधली जागा नकोच आहे, तेव्हा ते दाबायचं कारण नाही.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका. कामाचं अॅप फार जागा घेतं. सेटिंग्जमध्ये ‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर डेटा’ दोन्ही दिसतात. कुठलं दाबू?
– एक ताई, तालुका जत

उत्तर : ताई, ‘क्लिअर कॅशे’ बिनधास्त दाबा. कॅशे म्हणजे अॅपने काम लवकर व्हावं म्हणून हाताशी ठेवलेलं सामान, लागलं की ते पुन्हा आणतं. ‘क्लिअर डेटा’ला, किंवा काही फोनांत ‘क्लिअर स्टोरेज’ लिहिलेलं असतं त्याला, हात लावू नका. त्याने अॅप कोरं होतं. रेंज नसताना भरलेली आणि अजून वर न गेलेली वजनं-उंच्या फक्त तुमच्या फोनमध्येच असतात, तीही जातील. वाडीवस्तीवर फिरून घेतलेली मोजमापं पुन्हा कोण घेणार? आधी रेंजमध्ये जा, सगळं सिंक झालं का, म्हणजे वर पोचलं का, बघा आणि मगच अॅपचं काय करायचं ते करा.

प्रश्न : बाजारात १ टीबीचं मेमरी कार्ड ६०० रुपयांना मिळालं. फोनमध्ये १ टीबीच दिसतं. द्राक्षबागेचे दोन हंगामांचे फोटो त्यात हलवले. जुने उघडतात, नंतरचे करडे दिसतात.
– एक शेतकरी, दिंडोरी

उत्तर : दादा, कार्ड बनावट आहे. आतली चिप १६ किंवा ३२ जीबीची असते आणि फोनला १ टीबी, म्हणजे हजारेक जीबी, सांगेल असं तिच्यात लिहून ठेवलेलं असतं. खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं कुठेच टिकत नाही, किंवा आधीच्यावरच लिहिलं जातं. करडे दिसणारे फोटो परत येणार नाहीत. तुम्हाला हे सांगताना वाईट वाटतं, पण खोट्या आशेवर रिकव्हरीला पैसे घालवू नका.

उघडतात ते आजच संगणकावर उतरवून घ्या आणि त्या कार्डावर आता एकही फोटो लिहू नका. छाटणीच्या, फवारणीच्या वेळचे फोटो तुम्ही कृषी सल्लागाराला किंवा व्यापाऱ्याला व्हॉट्सअॅपवर पाठवले असतील तर त्या चॅटमध्ये बघा. आकाराने लहान झालेले असतील, पण पानावरचा डाग ओळखू येईल इतके नक्कीच असतात. तुमच्या चॅटमधून पुसले गेले असतील तर त्यांना सांगा, त्यांच्या फोनमध्ये मिळतील.

नवं कार्ड पक्क्या बिलावर घ्या. घेतल्यावर संगणकात लावून ‘एचटू टेस्ट डब्ल्यू’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा. ते कार्ड शेवटपर्यंत भरतं आणि परत वाचून बघतं. मोठ्या कार्डाला तासन्‌तास लागतात, रात्री लावून झोपा. सकाळी एकही चूक दाखवली नाही तरच त्यावर फोटो टाका, आणि फोनमधले मूळ फोटो त्यानंतर पुसा.