अक्षरे येत नाहीत, मग पहिलीत टिकेल का?

“मुलगा जूनमध्ये पहिलीत जाणार, पण बाराखडी अजून येत नाही, तो मागे पडेल का?” मे महिना उजाडला की असे विचारणारे पालक वाढतात. परळच्या एका चाळीतील आई सासूबाईंना व मुलाला घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा तिचाही प्रश्न हाच होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ‘मोठ्या शाळेत परीक्षा घेऊनच बसवतात’ असे शेजाऱ्यांनी सांगितल्यामुळे ती कामावरून आल्यावर रोज त्याच्याकडून पाने गिरवून घेत होती आणि वही काढली की तो रडत होता.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा मुलाखत घेता येत नाही, हे मी तिला आधी सांगितले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे एकच पायाभूत स्तर मानली असून पहिली-दुसरी त्यातच येते. तेव्हा अक्षरओळख करून देणे हे शाळेचे काम आहे. ती घरूनच करून येण्याची अट नाही.

मुलाशी बोलताना मात्र वेगळेच दिसले. शाळेचे नाव काढताच तो आईच्या ओढणीआड गेला. आजी सहज म्हणाल्या, “अहो मॅडम, जेवत नाही, ऐकत नाही, म्हणून आम्ही म्हणतो, थांब, शाळेतल्या बाईच तुला सरळ करतील.” हेच वाक्य गॅलरीतले काका आणि खालचे दुकानदारही त्याला ऐकवत होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ज्या जागेचा धाक वर्षभर दाखवला, तिथे मूल हसत जाईल अशी अपेक्षा आपण कशी करावी? माझ्या मते तयारी मुलाच्या आधी मोठ्यांनी करायला हवी.

मी त्याला डबा उघडायला दिला. घट्ट झाकण त्याने नखांनी ओढले, दातांनी धरले, शेवटी डबा मुकाट्याने आजींपुढे ठेवला. मागितले मात्र काहीच नाही, कारण घरी मागण्याआधीच सगळे हातात मिळत होते. वर्गात अनेक मुलांमागे एक बाई असतात, तिथे “बाई, झाकण उघडत नाही”, “बाई, शू लागली आहे” एवढे म्हणता येणे मला बाराखडीपेक्षा मोलाचे वाटते.

म्हणून गिरवणे थांबवले. सैल झाकणाचा डबा आणला, बटणे लावण्याचा सराव सुरू केला. आई त्याला थोडा वेळ शेजारच्या मावशींकडे सोडू लागली, तेही नजर चुकवून नव्हे, तर “मी भाजी घेऊन येते” असे सांगून आणि सांगितल्याप्रमाणे परतून. चाळीतल्या मोठ्यांना आजींनी स्वतः जाऊन धाक बंद करायला सांगितले, आणि त्याच शाळेत तिसरीत शिकणाऱ्या शेजारच्या ताईने त्याला शाळेचे फाटक, नळ आणि शौचालय दाखवून आणले.

जूनमध्ये तो पहिले काही दिवस रडला, आणि ते स्वाभाविकच होते. पुढे ताईचा हात धरून जाऊ लागला. मात्र असे रडणे महिनाभरानंतरही ओसरत नसेल, सकाळी पोटदुखी किंवा उलटी होत असेल, झोप उडत असेल, तर पालकांनी वर्गशिक्षिकेशी बोलावे आणि बालरोगतज्ज्ञांचा किंवा समुपदेशकांचा सल्ला घ्यावा.