घरात मांजर आहे, आता कुत्र्याचं पिल्लू आणलंय. दोघांचं कसं जमवावं?

घाईनं समोरासमोर आणू नका. आमच्या सांगलीच्या घरी मधलं दार बंद ठेवून दोन्ही बाजूंना दोघांच्या ताटल्या ठेवल्या. एकाच्या अंगावरून फिरवलेलं फडकं दुसऱ्याच्या अंथरुणात टाकलं. वास ओळखीचा झाला की निम्मं काम होतं. मग पिल्लाला पट्टा बांधूनच भेट घडवा आणि ते शांत बसलं की लगेच खाऊ द्या. मांजराला माळा किंवा कपाटावरची जागा मोकळी हवीच. पळायला वाट असली की ते सहसा पंजा उगारत नाही. शेपटीकडे बघा. कुत्रा बहुधा खुशीत हलवतो, पण मांजर शेपटी झटकायला लागलं म्हणजे चिडलंय, तिथंच थांबा. कुत्र्याच्या खाण्यावर मांजराला ठेवू नका, त्यात टॉरिन हे मांजराला लागणारं पोषकद्रव्य पुरेसं नसतं. रेबीजची लस मात्र दोघांनाही द्याच.