जमीन जात नाही. चिरेखाणीच्या ॲडव्हान्सचं मात्र बघा

संगमेश्वर तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. घराची चार एकर जमीन. घराभोवती आंबा-काजू, वर सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, चिऱ्यांचा जांभा दगड. २०२३ साली सड्याचा तुकडा दहा वर्षांसाठी एका ठेकेदाराला चिरेखाणीकरता दिला, शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून, आणि तीन लाख ॲडव्हान्स घेतला. खाणीचा परवाना आजतागायत आलेला नाही. आता ‘तुमचं गाव इको-सेन्सिटिव्हच्या यादीत आहे’ म्हणत ठेकेदार नोटीस पाठवून व्याजासकट पैसे परत मागतोय. इकडे गावात या यादीला विरोध करणाऱ्या निवेदनावर सह्या सुरू आहेत आणि ‘सही केली नाहीस तर जमीन सरकारजमा होईल’ असं वाडीत सांगितलं जातंय. धाकट्या भावाला दोन खोल्यांचा होमस्टे काढायचाय. यांचा प्रश्न एवढाच: सही करू का?

दादा, सहीचं मागाहून बोलू. तुमच्या गळ्याशी आलंय ते ॲडव्हान्सचं. पण आधी जमिनीची भीती काढून टाका, कारण त्या भीतीपोटीच माणसं नको तिथे सह्या करतात.

पश्चिम घाटाचं हे इको-सेन्सिटिव्ह, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील, क्षेत्र पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६च्या कलम ३ खाली ठरवलं जातं. हे कलम अमुक भागात अमुक उद्योग चालणार नाहीत एवढंच सांगण्याचा अधिकार देतं. ते भूसंपादन नव्हे. सातबाऱ्यावरचं नाव तुमचंच राहतं, वारसनोंद होते, वाटप होतं, विकताही येतं. उलट बाजूही सांगतो, ती कुणाला आवडत नाही. संपादन नाही म्हणून मोबदलाही नाही. मालमत्तेचा हक्क १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीनंतर मूलभूत उरला नाही. अनुच्छेद ३००-अ कायद्याच्या आधाराशिवाय जमीन काढून घेऊ देत नाही, पण वापरावर बंधन आलं म्हणून भरपाई मिळेल असा हक्क त्यातून सहसा निघत नाही. ‘सड्यावर चाळीस लाखांचे चिरे होते’ हा हिशेब केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयापुढे मांडून फार काही हाती लागणार नाही. तक्रार म्हणून मला तो रास्त वाटतो, ही गोष्ट वेगळी.

आता खाण. हे क्षेत्र जाहीर करणाऱ्या केंद्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा. सहा राज्यांत मिळून ५६,८२५.७ चौरस किलोमीटर, त्यातले १७,३४० महाराष्ट्रात. खाणकाम, दगडखाणी आणि वाळूउपसा यांवर त्यात सरसकट बंदी आहे. चालू खाणींना अंतिम अधिसूचनेपासून पाच वर्षं किंवा लीज संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तेवढी मुदत. तुमची खाण मुळात सुरूच नाही, तेव्हा ती सवलत तुमच्या कामाची नाही.

‘अजून मसुदाच आहे, अंतिम कुठे झालंय’ हे ठेकेदाराला सांगून भागेल असं समजू नका. पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या कस्तुरीरंगन समितीच्या अहवालानंतर केंद्राने १३ नोव्हेंबर २०१३ रोजी याच कायद्याच्या कलम ५ खाली निर्देश काढले, आणि प्रस्तावित क्षेत्रात नवी खाण किंवा दगडखाण त्यांनीच रोखली. म्हणजे तुमचं गाव तेव्हापासून यादीत असेल, तर २०२३ मध्ये तुम्ही ज्यावर सही केली ती गोष्ट तेव्हाच होण्यासारखी नव्हती. दोघांनाही ते ठाऊक नसेल, तर भारतीय करार अधिनियमाचं कलम ६५ लागू पडतं: करार निरर्थक निघाला की घेतलेलं परत करायचं. गाव नंतर यादीत आलं असेल तर कलम ५६ची अशक्यता येते, पण शेवट पुन्हा कलम ६५लाच. ‘परवाना मिळो न मिळो, रक्कम परत नाही’ असं वाक्य करारात असलं तरी त्यावर फार विसंबू नका. एक वर्षाहून अधिक मुदतीचं लीज नोंदणीकृत लागतं, त्यामुळे शंभराच्या त्या कागदावरून तो सड्यावर हक्क सांगू शकत नाही. पैसे मात्र मागू शकतो.

माझा सल्ला: मुद्दल परत करा, हप्त्याने का होईना. करारात व्याजाचं कलम नसेल तर पहिल्या दिवसापासूनचं व्याज कबूल करू नका. फार तर लेखी मागणीच्या तारखेपासून बोलणी करा. पैसे देताना करार रद्द झाल्याचा लेख करून घ्या, मूळ कागद ताब्यात घ्या. आणि ‘पावसाआधी थोडे चिरे काढून फेड करून घेतो’ असं तो म्हणाला तर साफ नाही म्हणा. विनापरवाना उत्खननाला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, आणि तलाठ्याचा पंचनामा गट नंबर बघून होतो. मशीन रातोरात घाट उतरून जातं, नोटीस तुमच्या दाराला चिकटते.

होमस्टेचं उत्तर लहान आहे. मसुद्यात बंदी आहे ती २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामाला. तुमच्या अख्ख्या चार एकरांवर इंचही न सोडता स्लॅब टाकलात तरी सोळा हजारांच्या आसपास भरेल. दोन खोल्यांना ग्रामपंचायत आणि बिनशेतीचे जे नेहमीचे नियम असतील तेच. राहत्या घराची दुरुस्ती-वाढ मसुद्यातच मोकळी ठेवली आहे.

आता सही. निवेदन काय म्हणतं ते शब्दन् शब्द वाचा. ‘गाव पूर्ण वगळा, अन्यथा आंदोलन’ एवढंच असेल तर सही केल्याने बिघडत काही नाही आणि घडतही काही नाही. केल्या-न केल्याने जमीन जात नाही, हे सांगणाऱ्याला माझ्या नावाने सांगा. वजन असतं ते मोजमापाला. कस्तुरीरंगन समितीने गाव हे एकक धरलं आणि ज्या गावाचा २० टक्के किंवा अधिक भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला ते अख्खं गाव यादीत घेतलं. ही टक्केवारी उपग्रहचित्रांवरून काढलेली आहे. कलमी काजूची दाट बाग वरून जंगलासारखी दिसू शकते, हे तुम्हाला मी सांगायला नको. माहिती अधिकारात गावाचा नकाशा आणि टक्केवारी मागा. नकाशा घेऊन सड्यावर उभे राहा. रंगवलेल्या भागातले कोणते गट बागायत आहेत ते सातबाऱ्याच्या पीकपाहणीसह लिहून काढा. ग्रामसभेचा ठराव त्या यादीसकट करा. ठरावाला नकाराधिकाराचं बळ नाही, पण आकडे जोडलेला ठराव फाइलमध्ये वाचला जातो.

हरकतीला मसुदा राजपत्रात आल्यापासून साठ दिवस मिळतात. २०२४च्या मसुद्याची ती मुदत केव्हाच गेली. पण २०१४ पासून दर खेपेला मुदतीत अंतिम अधिसूचना न निघाल्याने मसुदा नव्याने काढावा लागला, आणि नव्या मसुद्याबरोबर हरकतीची संधी नव्याने आली. कागद आत्ताच तयार ठेवा. त्यात चिरेखाणीचं नाव मात्र घालू नका. बागायत म्हणून वगळा आणि खाणीला परवानगी द्या, या दोन मागण्या एका अर्जात आल्या की पहिलीवरचा विश्वास उडतो.

कोर्टात जायची घाई नको. मसुद्याला आव्हान दिलंत तर ‘आधी हरकत नोंदवा’ हेच बहुधा ऐकायला मिळेल. अंतिम अधिसूचनेविरुद्ध रिट करायची वेळ आलीच तर रत्नागिरी जिल्ह्याला ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. मुंबईच्या खेपा वाचल्या.

एक राहिलं. ताजा सातबारा काढून ‘इतर हक्क’ बघा. मसुद्याच्या जोरावर तिथे इको-सेन्सिटिव्हचा शेरा मारलेला माझ्या एका पक्षकाराच्या उताऱ्यावर निघाला होता, आणि त्यापायी त्याचं पीककर्ज अडलं होतं. तुमच्याकडे तसा फेरफार दिसला तर प्रांताकडे अपिलाला साठ दिवस आहेत. उतारा, फेरफाराची नक्कल आणि ठेकेदाराची नोटीस मला पाठवा. नोटिशीचं उत्तर आधी लिहू.