टाकी किती भरायची, हे माल ठरवतो

डिझेल लिटरमागे साधारण 0.84 किलो भरतं. म्हणजे ट्रकची 400 लिटरची टाकी फुल केली की जवळपास 335 किलो वाढले. माल हलका असेल तर बिनधास्त फुल कर. पण लोखंडी कॉइल किंवा प्लेट लादून गाडी वजनाच्या मर्यादेच्या काठावर असेल, तर आधी अर्ध्या टाकीवर वजनकाट्यावर जा आणि उरलेल्या मापातच डिझेल घे.

एकूण वजन बसलं म्हणजे काम झालं असं समजू नकोस. प्रत्येक एक्सलचं (चाकांच्या आसाचं) वजन वेगळं बघ. टाक्या ट्रॅक्टरच्या, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीच्या, चेसिसला असतात, त्यामुळे डिझेलचा भार पुढच्या आणि ड्राइव्ह एक्सलवरच (इंजिनने फिरणाऱ्या मागच्या चाकांच्या) येतो, ट्रेलरवर नाही. काट्यावर ड्राइव्ह एक्सल आधीच काठावर असतील, तर टाकी भरताच तेच मर्यादा ओलांडतात. मग माल थोडा मागे सरकवावा लागतो. फिफ्थ व्हील (ट्रेलर ट्रॅक्टरला जोडणारी प्लेट) पुढे घेतलं तर भार पुढच्या एक्सलवर जातो, तीही मर्यादा पाहूनच. कॉइलसारखा माल कमी जागेत सगळं वजन टाकतो, म्हणून जागा लादतानाच ठरव. नंतर क्रेन कुठून आणणार?

साखळ्या, बाइंडर (साखळी ताणून बसवायचं साधन), ताडपत्र्या, लाकडी ठोकळे काट्यावर गाडीतच असू देत. ओली ताडपत्री आणि भिजलेलं लाकूड वजन वाढवतं.

वजन वाचवायला पाव टाकीच्या खाली मात्र उतरू नकोस. चढावर डिझेल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि भरल्या गाडीसह मध्येच लाइन ब्लीड करत, म्हणजे डिझेलच्या नळीतली हवा काढत, बसावं लागतं.